मासिकाचा जुना संच हाती आला तर: आधी जुळवणी, मग इतिहास, बांधणी शेवटी

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका वाचकाकडे वडिलांनी जमवलेले ‘ललित’चे अंक आहेत, अगदी सुरुवातीपासूनचे, साधारण तीस वर्षांचे. त्याच माळ्यावर स्वातंत्र्यापूर्वीच्या दोन-तीन मासिकांचे सुटे गठ्ठेही निघाले. थोडे अंक पूर्वी बांधून घेतलेले आहेत, बाकीचे सुतळीत. संच पूर्ण आहे का, पुस्तकवेड्यांच्या ‘ललित’ मासिकाचा इतिहास त्यावरून लिहिता येईल का, आणि दिवाळीच्या आत सगळं बाइंडरकडे द्यावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

बाइंडरकडे आत्ता काहीही देऊ नका. बांधणी हे सगळ्यात शेवटचं काम आहे आणि बऱ्याच अंकांना तिची गरजही पडत नाही. मासिकाचा इतिहास लिहायला जे लागतं ते लेखांत थोडं असतं. मुखपृष्ठावर, कव्हर दोन-तीन-चारवर (मुखपृष्ठाच्या आतल्या आणि मलपृष्ठाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंवर), जाहिरातींत, शेवटच्या पानाच्या तळाला असलेल्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत आणि आत सुट्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांत ते जास्त असतं. नेमकं हेच बाइंडर काढून टाकतो. मुखपृष्ठं फाडून, जाहिरातींची पानं गाळून, तिन्ही बाजूंनी कटिंग करून बांधलेले संच वाचनालयांत खंडीभर सापडतात. ते वाचायला ठीक आहेत, पण मासिक किती तारखेला निघालं, कोणी छापलं, कोणाच्या पैशावर चाललं, हे त्यांतून कळत नाही. तुमच्या सुट्या अंकांची खरी किंमत त्यांच्या सुटेपणातच आहे.

पहिलं काम: माळ्यावरून गठ्ठे उतरवताना ते ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. गठ्ठ्याला नंबर द्या, सुतळी कापा (ओढून सोडवू नका, कडा फाटतात) आणि जमिनीवर धुतलेली चादर पसरून एकेका वर्षाची रांग लावा. पत्र्याखालचा माळा असेल तर कागद ठिसूळ झालेला असणार. अशा वेळी एप्रिल-मे महिन्यांत हे काम काढूच नका. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. त्या हवेत पान उलटताना कोपरा हातात येतो. ऑगस्ट ते जानेवारी या दिवसांत हवेत थोडा ओलावा असतो, कागद वाकतो, तुटत नाही. धाब्याचं घर असेल तर आधी माती झटका आणि गठ्ठ्याच्या तळाशी वाळवीची मातकट नळी आहे का ते बघा. असेल तर तो गठ्ठा घरात आणायचा नाही, ओसरीवरच उघडायचा.

आता जुळवणी. प्रत्येक अंकामागे एक कार्ड किंवा वहीची एक ओळ: वर्ष, अंक, छापलेला महिना, पृष्ठसंख्या, किंमत, वार्षिक वर्गणी, संपादक, मुद्रक आणि मुद्रणालयाचा पत्ता, मुखपृष्ठकार, मुखपृष्ठ आहे की नाही, आत सुटं काही आहे का. संगणकावर करत असाल तरी हेच रकाने ठेवा. एका अंकाला सात-आठ मिनिटं लागतात. तीस वर्षांचे साडेतीनशेच्या आसपास अंक म्हणजे रोज तासभर बसलात तर दीड महिन्याचं काम आहे. घाई करून हे काम दोनदा करावं लागतं, म्हणून एकदाच करा.

‘ललित’चा पहिला अंक जानेवारी १९६४ चा. मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी ते मुंबईत गिरगावातून सुरू केलं. वर्ष जानेवारीत बदलतं असं धरलं तर गणित सोपं आहे: वर्षाच्या आकड्यात १९६३ मिळवा. वर्ष १७ वे म्हणजे १९८०. जिथे हे गणित जमत नाही तिथे थांबा. एक तर छापणाऱ्याकडून आकडा चुकलेला असतो (नव्या वर्षाच्या पहिल्या अंकावर जुनाच वर्षांक राहून जाणं ही नेहमीची चूक) किंवा मध्ये जोडअंक आलेला असतो. दिवाळी अंक हा बहुतेक मासिकांत ऑक्टोबर-नोव्हेंबरचा किंवा नोव्हेंबर-डिसेंबरचा जोडअंक असतो. त्याला कधी एक क्रमांक देतात, कधी दोन. म्हणून वर्षाला बाराच नग हवेत असा हट्ट धरू नका. अकरा नग आणि क्रमांक एक ते बारा असं असेल तर वर्ष पूर्ण आहे. ‘अंक हरवला’ असं लिहिण्याआधी मागच्या आणि पुढच्या अंकातलं संपादकीय वाचा. दिरंगाईबद्दल दिलगिरी किंवा जोडअंकाची सूचना तिथेच सापडते.

स्वातंत्र्यापूर्वीच्या गठ्ठ्यांचं गणित वेगळं आहे. काही मासिकांचं वर्ष चैत्रात सुरू होई, काहींचं दिवाळीच्या पाडव्याला. महिना मराठी आणि साल शके. शके वरून इसवी सन काढताना लोक सरसकट ७८ मिळवतात आणि तिथे वर्षभराची चूक होते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला. तो दिवस शके १८५२ च्या पौषातला. सरसकट ७८ मिळवले तर १९३० येईल आणि तुमचा अंक घटनेच्या वर्षभर आधीचा ठरेल. मार्गशीर्ष किंवा पौष महिना तर दोन इसवी सनांत विभागलेला असतो, त्यामुळे या महिन्यांच्या अंकांवर तिथीही बघावी लागते. आणखी एक फसगत अधिक मासाची. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो. मराठी महिन्यांवर चालणारी काही मासिकं अधिक मासाचा वेगळा अंक काढत, काही तो महिना सोडून देत. तेव्हा एखाद्या वर्षी तेरा अंक दिसले तर ती चूक समजून एक बाजूला काढू नका, त्या शकाचं पंचांग बघा.

सोलापुरातून निघालेली नियतकालिकं गठ्ठ्यात असतील तर ती आधी वेगळी काढा. शेठ हिराचंद नेमचंद दोशींनी १८८०च्या दशकात इथून सुरू केलेल्या ‘जैन बोधक’चे जुने अंक, किंवा हुतात्मा कुर्बान हुसेन संपादक असलेल्या ‘गझनफर’चा एखादा अंक मिळाला तर त्याची किंमत सबंध माळ्याहून जास्त आहे. आणि मे-जून १९३० चे अंक सापडत नसतील तर ते हरवले असं लगेच धरू नका. तेव्हा शहरात मार्शल लॉ होता. अंक मुळात निघाला होता का, हे आधी ठरवावं लागेल.

अंकावर तारीख नसेल, मुखपृष्ठ गेलं असेल, तरी काळ ठरवता येतो. किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असं छापलेलं असेल तर १९५७ ते मे १९६४, कारण १ जून १९६४ ला ‘नवे’ हा शब्द गळला. ‘ललित’चे पहिले पाच अंक नेमके या सीमेवर येतात, त्यांच्यावर किंमत कशी छापली आहे ते मुद्दाम नोंदवा. पत्त्यात ‘मुंबई ४’ असेल तर पिनकोडच्या आधीचा. ‘मुंबई ४०० ००४’ असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. शुद्धलेखनही सांगतं: ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केलें’ अशी अनुस्वारांची गर्दी असेल तर साधारण १९६२ च्या नव्या नियमांआधीचा. मात्र जुने संपादक हे नियम पुढेही पाळत नसत, म्हणून हा पुरावा एकट्याने वापरू नका. पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळ्यांचा उठाव जाणवला तर अंक खिळेछपाईचा. गुळगुळीत लागलं तर बहुधा ऑफसेट. तुमच्या संचात हा बदल कुठल्या महिन्यात झाला ते कार्डावर लिहा. मासिकाच्या इतिहासात ती मोठी घटना असते, कारण मुद्रणालय, खर्च आणि चित्रांचं प्रमाण तिघंही तिथे बदलतात.

सगळ्यात भरवशाचा कागद मात्र मार्चच्या अंकात असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. १९५६ च्या वृत्तपत्र नोंदणी नियमांनुसार प्रत्येक नियतकालिकाला दरवर्षी फेब्रुवारीअखेरनंतरच्या पहिल्या अंकात एक निवेदन छापावं लागे. त्याच्यावर ‘फॉर्म ४, नियम ८ पाहा’ असं असतं. त्यात प्रकाशनस्थळ, प्रकाशनकाल, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं, राष्ट्रीयत्व आणि पत्ते, शिवाय मालकाचं नाव आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावं द्यावी लागत. लेखाच्या शेवटी उरलेल्या अर्ध्या रकान्यात, बारीक टायपात, हे कोंबलेलं असतं. तीस वर्षांचे तीस मार्च एकापुढे एक ठेवा आणि फक्त हे निवेदन उतरवून घ्या. मालकी कधी बदलली, संपादक कागदावर कोण होता आणि मुखपृष्ठावर कोणाचं नाव होतं, छपाई एका प्रेसमधून दुसऱ्यात कधी गेली, हे सगळं एका संध्याकाळी समोर येतं. बांधलेल्या वाचनालयीन संचांत हे निवेदन बऱ्याचदा जाहिरातींच्या पानाबरोबर गेलेलं असतं. नोंदणी क्रमांकात तिरकी रेघ देऊन साल दिलेलं असतं, उदाहरणार्थ ‘/५७’. ते नोंदणीचं साल आहे, मासिकाच्या जन्माचं नाही. कितीतरी जुन्या मासिकांवर ५७ असतं, कारण वृत्तपत्र निबंधकांचं कार्यालयच १९५६ मध्ये सुरू झालं.

पोस्टाने आलेल्या अंकांचं वेष्टन किंवा पत्त्याची चिठ्ठी राहिली असेल तर ती जपा. तिच्यावरचा सोलापूर पोस्टाचा शिक्का म्हणजे अंक खरोखर कधी हातात पडला त्याचा पुरावा. छापलेला महिना मे आणि शिक्का जुलैचा असेल तर त्या काळात मासिक अडचणीत होतं हे समजतं. असे चार-पाच शिक्के ओळीने मिळाले तर इतिहासातलं एक प्रकरण उभं राहतं. चिठ्ठीवरचा वर्गणीदार क्रमांकही लिहून ठेवा. दरवर्षी तो नव्याने दिला जात नसेल तर क्रमांकावरून वर्गणीदारांचा अंदाज येतो. अर्थात तो अंदाजच, खप म्हणून छापू नका.

पानं पूर्ण आहेत का हे बघताना नुसती शेवटच्या पानाची संख्या वाचून चालत नाही. मध्यभागी पिना मारलेल्या अंकात प्रत्येक घडीचा कागद दोन पानांचा असतो, म्हणून एक पान गेलं की त्याचं जोडपान सुटं होतं. ६४ पानी अंकात जोडीची बेरीज ६५ येते. पृष्ठ १७-१८ चं पान गेलं असेल तर ४७-४८ लटकत असणार. ते सुटं दिसलं की हरवलेलं पान कुठलं ते हिशेबाने सापडतं. पृष्ठसंख्येला चाराने भाग जात नसेल तर हमखास काहीतरी गेलेलं आहे. फर्मे (एक मोठा छापील कागद घडी घालून होणारे पानांचे जुडगे) एकावर एक ठेवून बाजूने पिना मारलेले जाड दिवाळी अंक मात्र फर्म्याने तपासायचे. फर्मा आठाचा की सोळाचा हे आकारावरून आणि कागदावरून ठरतं. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मासिकाच्या नावाची अक्षरं आणि आकडा अशी छोटी खूण असते. ती खूण क्रमाने आहे का बघा. कधी एकच फर्मा दोनदा लागलेला असतो आणि त्याच्या जागचा फर्मा नसतो. हा दोष बाइंडिंगच्या टेबलावरचा असल्यामुळे तो त्या अंकाच्या काही प्रतींतच असतो. दुसरी प्रत मिळाली तर तिच्यात तो नसेलही.

जाहिरातींच्या पानांवर कधी वेगळे आकडे असतात, कधी अक्षरं, कधी काहीच नाही. ती वेगळी मोजा आणि ‘६४ + जाहिरात ८ + कव्हर ४’ असं लिहा.

आता इतिहासाकडे. पुस्तकांविषयीच्या मासिकाचा इतिहास हा सर्वसाधारण मासिकाच्या इतिहासासारखा लिहायचा नसतो. ‘मासिक मनोरंजन’चा इतिहास लिहिणारा १९०९ च्या पहिल्या दिवाळी अंकापासून साहित्य, चित्रं आणि वाचक यांच्याकडे बघेल. ‘ललित’चं तसं नाही. ठणठणपाळ या नावाने जयवंत दळवी जे सदर लिहीत, त्यावर वसंत सरवट्यांची चित्रं असत, ते सगळ्यांना आठवतं आणि त्यावर लिहिलंही भरपूर गेलंय. त्याची पुनरावृत्ती करू नका. तुमच्याकडे जे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे सहसा नसतं ते म्हणजे महिन्यागणिक आलेल्या पुस्तकांच्या याद्या, प्रकाशकांच्या जाहिराती आणि प्रकाशनपूर्व सवलतींची पत्रकं. संग्राहकाच्या दृष्टीने हा खजिना आहे, आणि माझ्या मते अशा मासिकाचा खरा इतिहास याच पानांत आहे.

कारण असं: मराठी पुस्तकाच्या मागे ‘पहिली आवृत्ती १९७२’ एवढंच असतं, बऱ्याचदा महिना नसतो. एकाच वर्षात दोन छपाया झाल्या असतील, किंवा दोन प्रकाशकांनी एकाच लेखकाची पुस्तकं त्याच वर्षी काढली असतील, तर आधी कुठलं, हे पुस्तकावरून कळत नाही. ‘साभार पोच’ या सदरात नाव आलं म्हणजे त्या अंकाच्या आधी पुस्तक छापून मासिकाकडे पोचलं होतं. ही वरची मर्यादा झाली. जाहिरातीत ‘लवकरच येत आहे’ असं ज्या महिन्यापर्यंत छापलं जातं, ती खालची. या दोन्हींच्या मधला काळ दोन-तीन महिन्यांवर येतो. सावधगिरी एकच: जाहिरात झाली म्हणजे पुस्तक आलं असं नाही. घोषणा झालेली, नाव बदलून आलेली आणि कधीच न आलेली पुस्तकं जाहिरातींत ढिगाने सापडतात. त्यांची वेगळी यादी करा, पण सूचीत त्यांना पुस्तक म्हणून घालू नका. शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची १९५० पर्यंतची पुस्तकं धरते. त्यानंतरच्या काळासाठी अशा मासिकाच्या याद्या फार उपयोगी पडतात. नियतकालिकांसाठी दाते, काळे आणि बर्वे यांनी केलेली १८०० ते १९५० ची सूची आहे. तुमच्या जुन्या गठ्ठ्यांवर काम करताना ती हाताशी ठेवा आणि सूचीत दिलेलं पहिलं-शेवटचं साल तुमच्या अंकांशी ताडून बघा. फरक आढळला तर अंकाला मान द्या, सूचीला नाही.

मासिकात हप्त्याहप्त्याने ग्रंथ छापायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ‘काव्येतिहाससंग्रह’ पुण्यातून १८७८ पासून निघालं, विजापूरकरांची ‘ग्रंथमाला’ कोल्हापुरातून. अशा मासिकांतले हप्ते लोकांनी वेगळे काढून पुस्तक म्हणून बांधले. तुमच्या गठ्ठ्यात मुखपृष्ठ नसलेलं, प्रकाशकाचं नाव नसलेलं ‘पुस्तक’ सापडलं तर ते मासिकातून काढलेलं असू शकतं. फर्म्याच्या तळाची खूण वाचा, तिथे मासिकाचं नाव अक्षरांत सापडेल. विष्णुशास्त्र्यांच्या ‘निबंधमाले’चे अंक १८७४ ते १८८१ या काळात एकूण ८४ निघाले, आणि नंतर ती पुस्तकरूपाने पुन्हा छापली गेली. सुटा मूळ अंक आणि पुस्तकातला भाग यांत गल्लत होणं सोपं आहे. सुट्या अंकाला स्वतःचं मुखपृष्ठ आणि किंमत असते.

बाहेरची दोन उदाहरणं माहीत असलेली बरी, कारण संग्राहकांसाठीच काढलेल्या मासिकांत क्रमांकांचा घोळ कसा होतो ते त्यांतून समजतं. न्यूयॉर्कचं ‘कोलोफॉन’ हे त्रैमासिक १९३० मध्ये निघालं. प्रत्येक लेख वेगळ्या मुद्रकाने छापून द्यायचा आणि ते फर्मे एकत्र करून पुठ्ठ्यात बांधायचे, अशी त्याची रचना. पहिली मालिका वीस भागांची, मग १९३५ पासून नवी मालिका, १९३९ मध्ये तिसरी, आणि १९४८ ते १९५० ‘न्यू कोलोफॉन’. प्रत्येक वेळी क्रमांक एकपासून. कोणी नुसतं ‘क्रमांक ३’ असं लिहिलं तर ते चारांपैकी कुठलं, काही पत्ता लागत नाही. तुमच्या कार्डावर मालिकेचा रकाना म्हणूनच हवा, मराठी मासिकंही बंद पडून पुन्हा सुरू होतात तेव्हा हेच करतात. लंडनचं ‘बुक कलेक्टर’ १९५२ मध्ये इयन फ्लेमिंगच्या पुढाकाराने सुरू झालं, आधीच्या ‘बुक हँडबुक’च्या जागी. त्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ‘हँडबुक’चे अंकही बघावेच लागतात. तुमच्या मासिकालाही असा कोणी पूर्वज आहे का, हे पहिल्या वर्षाच्या संपादकीयांत आणि जाहिरातींत शोधा.

जे अंक नाहीत ते कुठे बघायचे? सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयापासून सुरुवात करा. पुण्यात पुणे नगर वाचन मंदिर, मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय. शिवाय प्रकाशकांनी ठरावीक ग्रंथालयांना प्रती देण्याच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली नियतकालिकं आल्यामुळे त्यानंतरच्या अंकांची एक प्रत मुंबईच्या टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायला हवी होती. ती दरवेळी गेलीच असं नाही, पण विचारायला हवं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत पोचता. जाताना ‘कुठला अंक, कुठलं पान, काय तपासायचं’ अशी चिठ्ठी न्या. ‘जुने अंक बघायचेत’ असं सांगितलं तर कर्मचारी बांधलेला खंड आणून देतील आणि त्यात मुखपृष्ठ नसेल. विकत घ्यायचे तर दिवाळीआधीच्या आवराआवरीत रद्दीच्या दुकानांत फेऱ्या मारा. दुकानदाराला महिना-साल लिहिलेली यादी द्या आणि वजनाच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्यायची तयारी ठेवा, म्हणजे तो अंक बाजूला काढून ठेवतो.

आता जपणूक. प्रत्येक अंकाच्या पिना बघा. गंजलेल्या असतील तर काढायच्या, कारण गंज कागद खातो आणि नेमक्या घडीवर भोक पाडतो. अंक मधोमध उघडा, पिनेचे वाकलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने सरळ उभे करा आणि मग अंक उलटा करून बाहेरून पीन उचला. आतून ओढलीत तर मुखपृष्ठाची घडी फाटते. त्याच भोकांतून, आणि मध्ये एक तिसरं भोक पाडून, सुती दोऱ्याने टाका घाला: मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, मधल्यातून आत, आणि गाठ आत, मधल्या लांब टाक्यावर. सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही. कोरं, न रंगवलेलं, पीळ घट्ट असलेलं सूत घ्या. ते ताणताना सैलच ठेवा, नाहीतर दोरा कागद कापतो.

फाटलेल्या जागेला सेलोटेप कधीही नाही. चार-पाच वर्षांत तिचा डिंक कागदात झिरपतो, पिवळा डाग राहतो आणि तो काढता येत नाही. फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. पातळ जपानी टिश्यू आणि मैद्याची खळ वापरा. खळ करायची रीत: एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळी मोडून अर्धा तास भिजू द्या, मंद आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. पारदर्शक झाली की उतरवा, गार झाल्यावर फडक्यातून गाळा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास आला की फेकून द्या. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते नको म्हणून सांगा. मोरचुदातलं तांबं कागदाला तपकिरी आणि ठिसूळ करतं. कसरीपेक्षा ते नुकसान मोठं आणि कायमचं.

कसर किंवा कीड लागलेली दिसली तर अंक पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी कागदावर जमतं. डांबराच्या गोळ्या अंकांत ठेवू नका. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर कपाटाच्या कोपऱ्यात पुरचुंडीत ठेवा, पण किडीवरचा इलाज म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

ठेवायचं कसं? आडवं, एका थरात आठ-दहा इंचांपेक्षा उंच नाही, मोठे अंक खाली. फळी जमिनीपासून सहा इंच वर आणि भिंतीपासून तीन-चार इंच लांब. प्रत्येक वर्षाचे अंक रुमालात बांधा. आपल्याकडे दप्तरं रुमालात बांधत आली आहेत आणि ती पद्धत चांगली आहे: कापड हवा येऊ देतं, धूळ अडवतं. कोरा मांजरपाट आणलात तर वापरण्याआधी दोनदा गरम पाण्यात धुवा. नव्या कापडात खळ असते आणि तिच्यावरच कसर येते. रंगीत कापड नको, दमटपणात रंग कागदावर उतरतो. दारं बंद असलेलं लोखंडी कपाट चांगलं, फक्त ते पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. सोलापुरात ती भिंत दुपारनंतर रात्रीपर्यंत तापलेली असते.

एवढं झाल्यावर बांधणीचा विचार. पूर्ण मुखपृष्ठासह असलेले अंक न बांधता पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवावेत असं माझं मत आहे. ज्यांची मुखपृष्ठं आधीच गेली आहेत आणि जे रोज वापरात येणार आहेत तेच बांधा. एका खंडात सहा महिने, जाडी दीड इंचापर्यंत. बारा महिने एकत्र बांधले की खंड मधोमध उघडत नाही आणि उघडायला गेलं की पाठ फुटते. जुजबंदी शिलाई (प्रत्येक फर्मा घडीतून शिवलेली) मागा. बाजूने आरपार टाचण मारली तर आतला समास गिळला जातो, आणि बऱ्याच मासिकांत आतला समास अर्ध्या इंचाचाच असतो. बाइंडरला तोंडी सांगू नका. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी बांधा: ‘कटिंग नको. मुखपृष्ठं जागच्या जागी. जाहिराती ठेवणे. पिना काढलेल्या आहेत. मोरचूद नको.’ पहिल्यांदा एकच खंड द्या, तो बघून बाकीचे. पूर्वीचे बांधलेले खंड आता उसवू नका. त्यांत कटिंग झालंच आहे, उसवून काही परत मिळत नाही.

स्कॅन करायचे असतील तर बांधणीच्या आधी करा. मजकूर ३०० डीपीआय, चित्रं आणि ब्लॉक असलेली पानं ४००, सगळं रंगीत, काळ्या-पांढऱ्यात नाही. पिवळा पडलेला कागद काळ्या-पांढऱ्यात काळपट येतो आणि अनुस्वार हरवतात. फाइलचं नाव मासिक-साल-महिना-पान या क्रमाने द्या आणि कव्हर दोन, तीन, चार विसरू नका. हे स्कॅन स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत लेखनावर हक्क असतो, आणि १९६४ नंतरच्या मासिकातल्या बहुतेक लेखकांचा तो अजून संपलेला नाही. तुम्ही केलेली सूची मात्र तुमची आहे, ती खुशाल सगळ्यांना द्या. एक छापील प्रत इथल्या वाचनालयात ठेवा, आणि तिच्यात ‘प्रत्यक्ष पाहिलेले अंक’ आणि ‘दुसऱ्याच्या नोंदीवरून घेतलेले अंक’ असे दोन रकाने वेगळे ठेवा.